आधी आकडा सांगा, मग पार्सल पाठवा

२०२५ च्या दिवाळीआधी अमेरिकेला पार्सल पाठवणाऱ्या मराठी घरांची चांगलीच पंचाईत झाली होती. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडे असलेली शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून सगळ्याच देशांसाठी काढून घेतली. हे शुल्क कोणी, कुठे आणि कसे गोळा करायचे याचा पत्ता नसल्यामुळे आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू सोडून बाकी सगळे घेणे थांबवले. १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या अटीवर. जाहीर किमतीच्या ५० टक्के अमेरिकी शुल्क इथेच, टपाल कार्यालयाच्या खिडकीवर, पार्सल देतानाच भरायचे.

५० टक्के हा दर अवाच्या सवा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या व्यवहारातली एक गोष्ट चोख होती. पैसे किती लागणार हे पार्सल हातातून सुटण्याआधी कळत होते. परवडत नसेल तर पैठणी परत घरी घेऊन जायची, किंवा मुलीला फोन करून ‘तिकडच्याच दुकानातून घे’ म्हणायचे. निर्णय पाठवणाऱ्याच्या हातात होता.

आता उलट दिशेने येणाऱ्या पार्सलाकडे बघा. परदेशातल्या संकेतस्थळावरून इथे काही मागवले, की किंमत दिसते, पाठवणावळ दिसते, कार्डावरून पैसे जातात. आठ-दहा दिवसांनी मोबाइलवर संदेश येतो की पार्सल कस्टम्समध्ये आहे, केवायसी द्या. आधार किंवा पॅनचा फोटो चढवला की दुसरा संदेश येतो, त्यात ड्युटीचा आकडा असतो. तो आकडा पाहून माणूस आधी मटकन खाली बसतो आणि मग चिडतो. तोवर वस्तूचे पैसे परदेशात पोहोचलेले असतात, वस्तू मुंबई विमानतळावर, सहारच्या गोदामात असते आणि त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात: मुकाट्याने भरा, नाहीतर वस्तूवर पाणी सोडा.

माझी तक्रार ड्युटी लागते याबद्दल नाही. ती लागावीच. पुण्याच्या बोहरी आळीतला किंवा मुंबईच्या लोहार चाळीतला दुकानदार जीएसटी भरतो, भाडे भरतो, माणसे ठेवतो. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या परदेशी संकेतस्थळाला करातून सूट मिळण्याचे काही कारण नाही. तक्रार एवढीच आहे, की खरेदीची खरी किंमत खरेदी झाल्यानंतर सांगितली जाते. भारतात दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराला हे चालवून घेतले जात नाही. कस्टम्सच्या नावाखाली मात्र ते वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे.

हा आकडा कसा बनतो ते एकदा पाहू. समजा, २०२४ साली कोणी वैयक्तिक वापरासाठी १०,००० रुपयांची वस्तू विमानाने मागवली आणि पाठवणावळ २,००० रुपये पडली. ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, पाठवणावळ आणि विमा तिच्यात मिळवला जातो. विम्याचा आकडा हाताशी नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. झाले १२,११२ रुपये ५० पैसे. त्यावर ३५ टक्के मूळ सीमाशुल्क, ४,२३९ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ४२४ रुपये. या सगळ्याच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, ४,६९७ रुपये. एकूण ९,३६० रुपये. दहा हजारांच्या वस्तूवर साडेनऊ हजारांच्या घरात कर, आणि पाठवणावळ वेगळी. परदेशातून छंदाच्या वस्तू मागवणाऱ्या मंडळींना ७७.२८ टक्के हा आकडा पाढ्यासारखा पाठ असायचा तो याच गणितातून आलेला. पाठवणावळीवरही कर, आणि कराच्या बेरजेवर पुन्हा कर, ही गोष्ट पहिल्यांदा मागवणाऱ्याच्या स्वप्नातही नसते.

हे दर नंतर उतरले. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचे मूळ सीमाशुल्क ३५ वरून २० टक्क्यांवर आले आणि २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात ते १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. चांगलेच झाले. पण दर कमी होणे आणि दर आधी कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी अर्थसंकल्पात एक ओळही लागत नाही.

शिवाय दर माहीत असला म्हणून आकडा कळतो असेही नाही. ज्या दिवशी ऑर्डर दिली त्या दिवसाचा दर लागू होत नाही. कुरिअरने आलेल्या मालाला सीमाशुल्काची कागदपत्रे दाखल होतील त्या दिवसाचा, आणि टपालाने आलेल्या मालाला टपाल खाते मालाची यादी अधिकाऱ्यापुढे ठेवील त्या दिवसाचा दर लागतो. डॉलरचा भावसुद्धा तुमच्या बँकेने कार्डावर लावलेला चालत नाही. सरकारने अधिसूचित केलेला असतो तो धरतात. वस्तू सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या कुठल्या शीर्षात, म्हणजे कुठल्या आठ अंकी क्रमांकाखाली, बसते हे ठरवणार कुरिअर कंपनीचा कर्मचारी, पार्सलावर चिकटवलेल्या दोन शब्दांच्या वर्णनावरून. सूतगिरणीचा मालक आणि सीमाशुल्क खाते एखाद्या यंत्राच्या वर्गीकरणावरून न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे भांडू शकतात. तिथे नाशिकच्या एखाद्या छायाचित्रकाराने जुनी लेन्स मागवताना तिचा आठ अंकी क्रमांक अचूक ओळखावा अशी अपेक्षा ठेवायची, हे जरा अतिच झाले. ‘सगळे दर वेबसाइटवर आहेत’ असे उत्तर खाते देऊ शकते आणि ते खोटेही नाही. २०२१ पासून सीमाशुल्क खात्याचे माहिती-संकेतस्थळ आहे, त्यावर दर मिळतात. तिथे वस्तूचे वर्णन टाकूनही शोधता येते, फक्त निघालेल्या यादीतून नेमकी ओळ निवडायची तर पुन्हा तोच आठ अंकी क्रमांक ओळखावा लागतो.

मग कुरिअर कंपनीचे बिल. एका मित्राला जर्मनीहून मागवलेल्या लेन्सबरोबर आलेले बिल मी नीट वाचून पाहिले. वरच्या तीन ओळी सरकारच्या. त्यांच्याखाली कंपनीने ड्युटी तुमच्या वतीने आधी भरली म्हणून एक फी, कागदपत्रांची एक फी, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सरकारी ओळींचा निदान कायद्यात आधार सापडतो. खालच्या ओळींचा दर कंपनीच्या दरपत्रकात असतो, जे मित्राने पाहिलेले नव्हते, कारण कंपनी त्याने निवडलीच नव्हती. ती निवडली जर्मनीतल्या विक्रेत्याने. ज्याच्याशी आपण करार केला नाही त्याची फी भरल्याशिवाय आपली वस्तू मिळत नाही, ही काही बाजारातली स्पर्धा नव्हे. लहान पार्सलाच्या बाबतीत तर ही फी ड्युटीच्याही वर जाते, आणि माणूस शिव्या घालतो सरकारला.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही असे म्हणायची सोय नाही. वेष्टनावर ‘सर्व करांसहित’ कमाल किंमत छापण्याची सक्ती इतकी जुनी आहे, की तिच्याशिवायचा पुडा आपल्याला संशयास्पद वाटतो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० तर स्पष्टच सांगतात: वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवा आणि त्या आकड्याची फोडही द्या, त्यात पाठवणावळ, हाताळणी आणि कर आले पाहिजेत. हे नियम भारतात नोंदणी नसलेल्या, पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या तेरा प्रकारांमध्ये आधी थोडी किंमत दाखवून नंतर टप्प्याटप्प्याने ती वाढवत नेणे हा एक आहे. विमानाच्या तिकिटावर शेवटच्या पानावर दोनशे रुपयांची ‘सुविधा फी’ चढवली तर तो डार्क पॅटर्न. किंमत रुपयांत दाखवणाऱ्या, पुण्याचा पिनकोड घेणाऱ्या, ‘भारतात पोहोचवतो’ म्हणून मिरवणाऱ्या संकेतस्थळाने चार हजारांची ड्युटी गुलदस्त्यात ठेवली तर ती ‘ग्राहकाची जबाबदारी’, तीही अटी-शर्तींच्या तळाशी लिहिलेली. हा न्याय काही पटत नाही.

यावर विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर असते, की दीडशे-दोनशे देशांचे दर आम्ही कुठून माहीत करून घेणार? हे उत्तर दहा वर्षांपूर्वी थोडेफार चालले असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आयात मालावरचा जीएसटी परदेशी विक्रेत्यांकडूनच, विक्रीच्या क्षणी वसूल करायला सुरुवात केली. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालासाठी तेच केले. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ ला २२ युरोपर्यंतची करमाफी रद्द केली, पण त्याचबरोबर १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रेत्याने एकाच ठिकाणी नोंदणी करून भरायची सोय दिली. त्या क्षणाला तिथल्या ग्राहकाला दिसणारा आकडा शेवटचा ठरला. विक्रेते बुडाले नाहीत. काही मोठी संकेतस्थळे तर भारतीय ग्राहकाकडूनही आयातशुल्काची अंदाजित रक्कम आधीच घेतात आणि जास्त झाली तर फरक परत करतात. म्हणजे जमत नाही असे नाही. जो सांगत नाही त्याला न सांगण्यात फायदा आहे, कारण खरी किंमत दिसली तर निम्मी गिऱ्हाइके तिथूनच परत फिरतील.

आणि आपल्या सरकारलाही हे तंत्र नवे नाही. परदेशात बसून इंटरनेटवरून भारतीयांना चित्रपट, सॉफ्टवेअर, साठवणुकीची जागा विकणाऱ्या कंपन्यांना २०१७ पासून जीएसटीसाठी नोंदणी करून इथला कर भरावा लागतो. आपल्याला महिन्याच्या वर्गणीत तो कर धरूनच रक्कम दिसते, दारात कोणी वसुलीला येत नाही. सेवेच्या बाबतीत जे आठ-नऊ वर्षे सुरळीत चालले आहे ते वस्तूच्या बाबतीत अशक्य आहे, यावर माझा विश्वास नाही.

भेटवस्तूंचा घोळ आणखी निराळा. अमेरिकेतल्या भावाने वाढदिवसाला घड्याळ पाठवले, डब्यावर ‘भेट’ लिहिले, म्हणजे ड्युटी नाही, अशी समजूत अजूनही घराघरांत आहे. एके काळी ठरावीक किमतीपर्यंतच्या खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंना सूट होतीही. पण चिनी माल विकणाऱ्या काही ॲपनी या सवलतीचा असा काही गैरफायदा घेतला, की रोज हजारो कुडते, चपला आणि मोबाइलची कव्हरे ‘भेट’ म्हणून देशात येऊ लागली. मग १२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून भेटवस्तू म्हणून सवलतीत माल आणण्यावर बंदी घातली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीबरोबर पाठवलेली भेट मात्र अपवादात नाही, हेही तिथे आवर्जून लिहिलेले आहे. धागा आत, चॉकलेटचा डबा बाहेर. अधिसूचना लिहिणाऱ्याने रक्षाबंधनाचा इतका बारकाईने विचार केला याचे मला कौतुकच वाटते.

चोरी ॲपवाल्यांनी केली आणि सूट गेली भावाबहिणींची. ती जाण्याला कारण होते हे मान्य. पण ती गेली हे कोणाला सांगितले गेले? आजही परदेशी विक्रेता ‘तुमची ड्युटी वाचावी म्हणून’ पार्सलावर भेट असा शिक्का मारतो आणि किंमत वीस डॉलर लिहितो. ग्राहक त्याला दुवा देतो. कायद्याच्या नजरेत मात्र आयातदार ग्राहकच असतो. चुकीची किंमत जाहीर केलेला माल जप्त होऊ शकतो आणि दंडही त्यालाच होऊ शकतो. विक्रेता हजारो मैलांवर, सुरक्षित.

हा खेळ नुसता पैशांचा राहत नाही, हे २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दिसले. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी लोक परदेशातल्या नातेवाइकांना रात्री-अपरात्री फोन करत होते. ३० एप्रिलला सरकारने ते यंत्र वैयक्तिक भेट म्हणून आणायची तात्पुरती परवानगी दिली. त्यावरचा आयजीएसटी २८ टक्के होता, तो मेच्या पहिल्याच दिवशी १२ टक्के झाला. कोविड झालेल्या ८५ वर्षांच्या एका दिल्लीकराला त्याच्या अमेरिकेतल्या पुतण्याने यंत्र पाठवले होते. त्याने कराविरुद्ध दाद मागितली, आणि २१ मेला दिल्ली उच्च न्यायालयाने अशा भेट आलेल्या यंत्रांवरचा हा कर घटनाबाह्य ठरवला. १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. महिनाभरात चार वेगवेगळ्या अवस्था. ज्याच्या घरात माणूस धापा टाकत होता त्याने यातला कुठला दर धरून हिशेब करायचा होता? दर बदलण्याचा अधिकार सरकारचा, निकालाचा अधिकार न्यायालयाचा, त्याला हरकत नाही. ज्या दिवशी यंत्र पाठवले त्या दिवसाचा दर शेवटपर्यंत कायम धरायचा, एवढी साधी तरतूद असती तर तरी कुटुंबाला आकडा माहीत असता.

या अज्ञानावर आणखी एक धंदा पोसला जातो. ‘तुमचे पार्सल मुंबई कस्टम्समध्ये अडकले आहे, अमुक रक्कम भरा’ असा फोन किंवा दुवा येतो आणि शिकलेसवरलेले लोक पैसे भरतात. पुढची पायरी म्हणजे ‘पार्सलात अमली पदार्थ सापडले’ आणि मग ती कुप्रसिद्ध डिजिटल अटक. खाते वारंवार सांगते, की आम्ही कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही आणि आमच्या प्रत्येक पत्रावर ‘डिन’ हा ओळख क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर पडताळा. सूचना योग्य आहे. पण खऱ्या पार्सलाचा संदेशही अनोळखी क्रमांकावरूनच येतो, त्यातही दुवा असतो, त्यातही आधार मागितलेले असते आणि आकडा तितकाच अनपेक्षित असतो. खरे आणि खोटे एकाच वेषात आले तर लोकांनी ओळखायचे कसे? ऑर्डर देतानाच सगळे पैसे चुकते होत असते तर नंतर पैसे मागणारा प्रत्येक संदेश खोटाच, हे शाळकरी पोरालाही कळले असते. जनजागृतीच्या शंभर जाहिरातींनी होणार नाही ते काम एवढ्या एका बदलाने होईल.

वस्तू परत करणे हाही असाच आंधळा कारभार. सदोष निघालेला माल परत पाठवला तर भरलेली ड्युटी मागण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्यात आहे. तिच्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि मुदती मात्र कारखानदाराला डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेल्या आहेत. दोन हजारांच्या ड्युटीसाठी घरगुती ग्राहक त्या वाटेला जात नाही. तो विक्रेत्याकडून वस्तूचे पैसे परत मिळाले यातच समाधान मानतो आणि ड्युटी गंगेला मिळाली म्हणतो.

करायचे काय, तर भारतात नियमित विकणाऱ्या मोठ्या परदेशी संकेतस्थळांना ऑस्ट्रेलिया-युरोपसारखी नोंदणी सक्तीची करावी आणि कर विक्रीच्या वेळीच घ्यावा. जपानमध्ये घरी बसून पेनच्या निबा घासणाऱ्या कारागिराला ही नोंदणी झेपणार नाही. त्याच्यासाठी, एका ठरावीक रकमेखालच्या वैयक्तिक पार्सलांना सरसकट एकच दर ठेवावा, पाठवणावळ बाजूला ठेवून, वस्तूच्या किमतीवर. तो दर आजच्यापेक्षा थोडा चढा झाला तरी मी तक्रार करणार नाही, कारण तो गुणाकार मागवणाऱ्याला स्वतःला करता येईल. कुरिअर कंपन्यांच्या फीला कमाल मर्यादा घालावी आणि ती पार्सल उचलण्याआधी ग्राहकाला कळवण्याचे बंधन घालावे. बिल हातात आल्यावर कळवणे म्हणजे कळवणे नव्हे.

यातले बरेचसे करायला संसदेत जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी सुरू करण्याचे अधिकार आहेत. रुपयांत किंमत दाखवणाऱ्या आणि ड्युटी लपवणाऱ्या पाच-सहा संकेतस्थळांना २०२० च्या नियमांखाली नोटीस गेली तर बाकीची आपोआप हिशेब दाखवू लागतील. ग्राहक पंचायतींनीही हा प्रश्न अजून म्हणावा तसा हातात घेतलेला नाही. ग्राहक चळवळीची पायाभरणी १९७४-७५ च्या सुमारास पुण्या-मुंबईत झाली, ती काळाबाजार आणि भेसळीविरुद्ध. तेव्हाची टंचाई गेली, पण ग्राहकाला अंधारात ठेवून पैसे काढण्याची खोड तीच आहे. अशा संकेतस्थळांची छायाचित्रे, अटी-शर्तींची पाने आणि ग्राहकांकडची ड्युटीची बिले एकत्र करून प्राधिकरणापुढे ठेवली, तर दखल न घेणे त्यांना अवघड जाईल.

आणि एक किरकोळ दुरुस्ती. १०० रुपये किंवा त्याहून कमी ड्युटी होत असेल तर ती वसूल करायची नाही असे सीमाशुल्क कायद्याच्या २५ व्या कलमात लिहिलेले आहे. राखी सुटते ती याच आधारावर. १०० रुपयांत आज मुंबईत धड जेवणाचे ताट मिळत नाही. दीडशे रुपयांच्या ड्युटीसाठी पार्सल उघडायचे, केवायसी मागायची, बिल बनवायचे आणि पोस्टमनने ती दारात मोजून घ्यायची, यात सरकारचाच खर्च जास्त होत असणार. ही मर्यादा ५०० रुपये केली तर तिजोरीला ओरखडाही येणार नाही आणि हजारो लहान पार्सले कोणाला न अडवता सरळ घरी जातील.